प्रेमकथा कोणत्या सालातली?

जुन्या काळातली किंवा अजून न आलेल्या काळातली प्रेमकथा लिहायला बसणाऱ्याने पहिले वाक्य लिहिण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडून ठेवावे: या दोघांना अडवतेय कोण? उत्तर ‘घरचे लोक’ असे आले, तर पुन्हा विचार करावा. घरचे लोक सगळ्याच काळात अडवतात. त्यांच्या हातात बळ कुठून येते, कायद्यातून, वतनातून, जातपंचायतीतून की सरहद्दीवरच्या नाक्यातून, हे मात्र त्या सालावर ठरते आणि कथेचा जीव तिथेच असतो. याची कसोटी सोपी आहे. आपली जोडी उचलावी आणि आजच्या हदगावच्या बसस्थानकावर आणून उभी करावी. नावे आणि कपडे बदलून कथा पुढे तशीच चालू लागली, तर तिला जुना काळ लागतच नव्हता. नाटक मंडळीकडून भाड्याने आणलेल्या पोशाखासारखा तो अंगावर चढवलेला होता. तीच जोडी 2090 सालात नेऊन ठेवली आणि घराच्या जागी काचेचा मनोरा, मोटारीच्या जागी उडती मोटार एवढाच फरक पडला, तरी निकाल तोच. हदगाव, तामसा, हिमायतनगर, उमरखेड या पट्ट्यातल्या नव्या लेखकांपुढे एवढे एकच म्हणणे मांडायचे आहे: काळ अडसर म्हणून वापरा, आणि तो सालासकट वापरा.

मराठी कादंबरी या वाटेवर हळूहळू आली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 1861 सालच्या ‘मुक्तामाले’त सद्गुणी नायिका आहे, ताटातूट आहे, दुष्टांची कारस्थाने आहेत, पण ते सारे ‘कोणे एके काळी’ घडल्यासारखे. दहा वर्षांनी, 1871 मध्ये, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली. तिला आपण पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी म्हणतो, ती किल्ल्यामुळे आणि शिवकाळामुळे. पुढे ऐतिहासिक कादंबऱ्यांचा पूर आला, त्यातल्या पुष्कळशा कादंबऱ्यांत प्रेम लढाईच्या मधल्या फुरसतीत उरकले जाते. आपली कसोटी पुरेपूर उतरते ती रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वर, 1962 सालच्या. माधवराव आणि रमाबाई यांच्या लग्नाला कुणाचा विरोध नाही, दुसरी बाई मध्ये नाही, गैरसमजही नाहीत. तरी ती प्रेमकथा आहे आणि शोकांतिका आहे. कारण त्यांच्यामध्ये पेशवेपद आहे, मोहिमा आहेत, काका राघोबादादा आहेत, ज्याला तेव्हा औषध नव्हते तो राजयक्ष्मा आहे आणि शेवटी सतीची प्रथा आहे. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. हे जोडपे आजच्या काळात आणा: क्षयावर सहा महिन्यांचा औषधोपचार होतो, सती हा गुन्हा आहे. कथेतले काहीच उरत नाही. म्हणजे तिच्यातला काळ खरा आहे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मध्ये (1972) हेच दुसऱ्या बाजूने दिसते. बाजीरावाच्या हातात फौज होती, पैसा होता, दिल्लीपर्यंत दरारा होता. पण मस्तानीला पुण्यातल्या घरात आणि धर्मात जागा मिळवून देण्याची सत्ता त्याच्याकडे नव्हती. पराक्रमी माणूस जिथे हतबल होतो ती जागा शोधणे हेच या प्रकारच्या लेखनातले निम्मे काम आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. प्रेम ही गोष्टच आधुनिक आहे, इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. जुन्या काळातल्या शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या तोंडी ती घालणे म्हणजे खोटेपणा. हा आक्षेप घेणाऱ्याने हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ उघडून पाहावी. स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये ती विस्तृत प्रस्तावनेसह मराठीत आणली. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा, गोदाकाठची खेडी, आणि त्यांत राजेरजवाड्यांपेक्षा कुणबी, गावचा पाटील, त्याची सून, वाटसरू आणि निरोप पोचवणारी दूती यांचीच गर्दी. त्यातल्या प्रेमाला शेतीचे पंचांग आहे. भाताचे शेत कापले गेले की भेटीची जागा गेली म्हणून नायिका खंतावते आणि मैत्रीण तिला अजून उभ्या असलेल्या तागाच्या शेताची आठवण देते. लपायला जागा किती दिवस आहे हे पीक ठरवते. हदगावच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. उंच ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, आणि सोयाबीनमध्ये बसलेला माणूसही लांबून दिसतो. त्यामुळे 1960 सालच्या कथेतली भेट आणि आजच्या कथेतली भेट एकाच शेतात होऊ शकत नाही. आजच्यांना मोबाईल लागतो. प्रेम होतेच. ते कुठे, किती वेळ आणि कुणाच्या मदतीने भेटत होते, ते बदलत गेले. बरे, जुना काळ घेऊन प्रेमकथा लिहिणे हीसुद्धा आपल्याकडची काल-परवाची हौस नाही. कोऊहल या कवीने इसवी सन 800 च्या सुमाराला ‘लीलावई’ लिहिली ती महाराष्ट्री प्राकृतातच, आणि तिचा नायक आहे त्याच्या कित्येक शतके आधी होऊन गेलेला प्रतिष्ठानचा राजा हाल. सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती ही त्याची नायिका. गाथा जमवणाऱ्या राजालाच पुढच्या कवीने प्रेमकथेचा नायक केले.

आता आपल्या गावाकडे येऊ. हदगाव आणि उमरखेड यांच्यामध्ये पैनगंगा आहे. आज हा हमरस्त्याचा एक पूल, फार तर नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची हद्द. पण 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला तेव्हापासून ही नदी दोन राजवटींमधली रेघ झाली. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी अमलातले वऱ्हाड. दोन्ही काठांना भाषा एक, देव एक आणि सोयरीकही चालू. म्हणूनच नवा लेखक इथे फसण्याचा संभव असतो. ‘नदीच्या दोन काठांवरचे दोन जीव’ असे लिहून तो मोकळा होईल, साल सांगणार नाही. साल सांगितले नाही तर अडसर कुठला? 1930 साली या नदीतून लग्नाचे वऱ्हाडी निघत, माहूरच्या यात्रेला वऱ्हाडातली माणसे सहज अलीकडे येत. तेव्हा ही नदी प्रेमाला फारशी आडवी येत नव्हती. 1948 साली तीच नदी जिवावरची झाली. हैदराबाद भारतात यायला तयार नव्हते, रझाकारांचा जुलूम वाढत होता, सरहद्दीवरची कुटुंबे पलीकडे आसरा घेत होती आणि स्टेट काँग्रेसची सशस्त्र केंद्रे सीमेपलीकडे उभी होती, त्यांतले एक उमरखेडला. 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरी येथील बँक लुटली, ती या लढ्याला पैसा उभा करण्यासाठी. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान शरण आले, तरी नदीची हद्द पुसली गेली नाही. अलीकडे हैदराबाद राज्य आणि पलीकडे मध्य प्रदेश असे आणखी आठ वर्षे चालले. 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात दोन्ही काठ एकत्र आले आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. तेव्हा 1938, 1948, 1952 आणि 1962 या चार सालांत घडणाऱ्या या चार वेगवेगळ्या कथा आहेत, नदी, गाव आणि आडनावे तीच ठेवली तरी. कथानक सुचत नसेल तर आधी तारीख पक्की करावी. निम्मे कथानक त्या तारखेत असते.

हे कागदावर कसे उतरते ते एका प्रसंगात पाहू. प्रसंग कल्पित आहे. निजाम संस्थानात माल आणताना-नेताना जकात द्यावी लागे, त्या खात्याला करोडगिरी म्हणत. नदीकाठच्या नाक्यावर एक तरुण मराठी कारकून बसला आहे. उमरखेडच्या बाजारातून बापाबरोबर परतणारी एक मुलगी गाडीतून उतरते. कारकून वहीत तारीख घालतो: दै महिना, 1357 फसली. हे 1947 चे साल, नोव्हेंबरच्या आसपासचे. संस्थानच्या कागदांवर फसली साल चाले, ते आजर महिन्यापासून म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून बदलत असे आणि इसवी सन काढायला त्यात 590 मिळवावे लागतात. बाप जकातीसाठी पैसे काढतो, ते पलीकडचे कलदार. कारकुनाला हाली शिक्का हवा. सहा कलदाराला सात हाली हा साधारण हिशेब, पण गरिबाला तो कुठे जमतो? कारकून स्वतः हिशेब करून उरलेले आणे परत देतो, आणि ते बापाच्या हातावर न ठेवता गाडीच्या साटीवर, मुलीच्या पुढे ठेवतो. इतकेच. एकही गोड वाक्य नाही. पण मागणी घातली गेली आहे, हे वाचकाला कळते, मुलीला कळते, बहुधा बापालाही कळते. पुढचा अडसर आपोआप उभा राहतो. करोडगिरीचे नाके जाळणे हा तेव्हाच्या लढ्याचा एक ठरलेला कार्यक्रम होता, आणि या मुलीचा भाऊ उमरखेडच्या केंद्रात असू शकतो. त्याच्या लेखी नाक्यावरचा माणूस म्हणजे निजामाचा माणूस. त्यात मुलीचे घर आसऱ्याला पलीकडे गेले, तर निजामाचे टपाल वेगळे, तिकिटे वेगळी, आणि ती संस्थानाबाहेर चालत नसत. ज्या काठावर हाक मारली तर ऐकू जाईल, तिथे पत्र पोचवायला दुसऱ्या सरकारचे तिकीट शोधावे लागते. असा तपशील कुणी रचू म्हटले तरी रचता येणार नाही, तो मिळवावाच लागतो.

‘कथा लिहायची की प्रबंध?’ असे कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. फसली सालाचे गणित कथेत समजावून सांगायला लागलात, तर वाचक पान उलटेल, आणि त्याचे बरोबरच असेल. माहिती लेखकाला असावी, पात्रांच्या हालचालींतून ती झिरपावी. नाक्यावरचा माणूस वहीत तारीख लिहितो तेव्हा तो ती कुणाला शिकवत नसतो. पण माहिती नसताना ‘कल्पनास्वातंत्र्य’ म्हणून हात झटकणे हे निव्वळ आळसाचे लक्षण आहे. कलेक्टरला तेव्हा अव्वल तालुकदार म्हणत आणि फौजदाराला अमीन, हे ठाऊक नसलेल्या लेखकाची नायिका 1940 साली ‘कलेक्टर कचेरीत’ जाते आणि जाणत्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो. संवादांचे म्हणाल तर बखरीची भाषा बोलवण्याची काही गरज नाही. ‘जी’, ‘हुजूर’, ‘आज्ञा’ यांची पेरणी करून काळ उभा राहत नाही. त्यापेक्षा त्या काळी नसलेले शब्द गाळावेत. ‘टेन्शन’ जसे नको तसे ‘नातेसंबंध’ आणि ‘भावनिक आधार’ही नकोत. मराठवाड्यात कचेरीची बोली उर्दूकडे झुकलेली, घरातली बोली वेगळी आणि बायकांची त्याहून वेगळी होती. एकच माणूस अमिनासमोर आणि बायकोसमोर दोन प्रकारे बोलतो, एवढे साधले तरी पुरे. यासाठी बी. रघुनाथ वाचावेत. परभणीत नोकरी करत त्यांनी निजामी मराठवाडा त्याच काळात, आतून लिहिला. कारभाराच्या तपशिलासाठी सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतू’ वाचावे, लढ्यासाठी अनंत भालेरावांचे ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’, आणि गावे, पिके, नद्या यांच्यासाठी नांदेड जिल्ह्याचे गॅझेटियर.

खऱ्या, नावाजलेल्या व्यक्तींवर प्रेमकथा लिहावी का? नव्या लेखकाने लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण लोकांच्या रागापेक्षा वेगळे आहे. राग येतोच, 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून केवढा गदारोळ झाला. पण खरी अडचण लेखनाची आहे. प्रसिद्ध माणसांचा शेवट वाचकाला पाठ असतो. देसाई, इनामदारांना ते पेलले, कारण शेवट ठाऊक असूनही ‘कसे’ याची ओढ शेवटपर्यंत टिकवण्याची ताकद त्यांच्यात होती. शिवाय तिथे कागदपत्रांचा धाक असतो आणि भक्तीचाही. देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना लिहिणारे नरहर कुरुंदकर आपल्या नांदेडचे. ती प्रस्तावना आणि मराठी कादंबरीवरचे त्यांचे ‘धार आणि काठ’ ही दोन्ही हाताशी ठेवावीत. मोठ्या माणसाचा काळ समजून न घेता त्याचे मोठेपण समजत नाही, हा त्यांचा आग्रह प्रेमकथा लिहिणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. ज्यांचे नाव कुठल्याच दप्तरात नाही अशी माणसे घ्यावीत: नाक्यावरचा कारकून, पटवाऱ्याची मुलगी, छावणीत भाकरी पोचवणारी विधवा. त्यांच्या बाबतीत इतिहास गप्प आहे, तेव्हा शेवट तुमच्या हातात राहतो, सुखाचाही करता येतो. जुन्या काळातली प्रेमकथा मरणानेच संपली पाहिजे असा आपल्याकडे एक अलिखित नियम होऊन बसलाय. तो मोडायला हरकत नाही.

भविष्यकाळातली कथा वरवर सोपी वाटते, कारण तिथे चूक काढायला कुणी साक्षीदार नसतो. खरे पाहता ती जास्त कठीण, कारण तिथला अडसर लेखकालाच बांधावा लागतो. झाम्यातिनने 1920-21 मध्ये लिहिलेल्या ‘वुई’ या रशियन कादंबरीत माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरे काचेची आहेत आणि पडदा ओढायला चिठ्ठी लागते. एवढ्या एका नियमातून त्यातली प्रेमकथा उगवते. रुकय्या सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये बदल केला तो एकच: पडद्यात पुरुष, कारभार बायकांकडे. बाकी सारे त्यातून तर्काने येते. मराठी विज्ञानकथेने, अगदी 1974 च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने बक्षीस मिळवणाऱ्या जयंत नारळीकरांपासून, कल्पना भक्कम मांडल्या. प्रेम मात्र बहुधा तोंडी लावण्यापुरते ठेवले. ही जागा मोकळी आहे. आणि त्यासाठी मंगळावर जायला नको, इसापूरच्या कालव्यावर गेले तरी चालेल. ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्याचे पाणी पाळीने सुटते. वरची गावे भिजतात, टेलच्या म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांना वाट पाहावी लागते. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली. आता यापुढे एकच पाऊल टाका. समजा, 2090 मध्ये पाण्याचा हक्क जमिनीला न राहता माणसाला जन्मतः मिळतो, आणि लग्न झाले की मुलीचा वाटा तिच्याबरोबर सासरच्या कालव्याला जातो. झाले, सोयरिकीत पत्रिकेच्या आधी पाळीपत्रक पाहिले जाईल. वरच्या गावची मुलगी टेलच्या मुलावर जीव लावते तेव्हा ती घरातून निघून जात नाही, गावाचे पाणी कमी करून जाते. तिचे वडील तिच्यावर माया करणारे असतील, जातीचा-धर्माचा त्यांना काही विधिनिषेध नसेल, तरी संस्थेच्या बैठकीत त्यांना हात वर करावा लागेल. घरजावयाचा भाव वाढेल. खोटी लग्ने होतील. म्हाताऱ्याच्या मरणाची नोंद मुले लांबवतील. हे सगळे एका बदलातून निघाले, रोबो एकही लागला नाही.

इथे एक इशारा. भविष्यातल्या मराठी कथेत जात एकाएकी नाहीशी झालेली असते. गेली असेल तर कशी गेली ते लेखकाला माहीत हवे, आणि पाण्याच्या नव्या हक्कात ती कुठे लपून बसली आहे का, हेही त्याने तपासावे. जातीविषयी गप्प बसलेला भविष्यकाळ हा बहुधा वरच्या गावातल्याने लिहिलेला असतो. रेल्वेचेही असेच. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा हदगावहून जाणारा मार्ग बांधला जातोय. कथेत ती गाडी सुरू झालेली दाखवायची असेल तर तिने कुणाची लग्ने जमली आणि कुणाचा धंदा बसला, हेही दाखवा.

शृंगाराचे काय, हा प्रश्न राहतोच. छोट्या गावात लिहिणाऱ्याला, त्यातही लिहिणारीला, तो फार छळतो. हे दडपण जुने आहे. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘शिशुपाळवध’ लिहिले, तेव्हा ग्रंथ चांगला आहे पण निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा शेरा पंथातूनच मिळाला, आणि त्यांनी पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली. पण ‘शिशुपाळवध’ नष्ट झाले नाही, आजही वाचले जाते. आणे गाडीच्या साटीवर ठेवण्यातून जे कळते ते शब्दांत मांडण्याची गरज नसेल तर मांडू नका, असेल तर कुणाच्या शेऱ्याला भिऊन गाळू नका.

कथा भविष्यातली असेल तर ती लिहायला पुढच्या वर्षी बसलात तरी चालेल, कालवा तिथेच आहे. 1948 ची असेल तर थांबू नका. गावातल्या, नात्यातल्या वृद्धांकडे जा, आणि त्यांना रझाकारांविषयी विचारण्याआधी साध्या गोष्टी विचारा: नावेला किती पडायचे, नाक्यावर कोण बसायचे, पलीकडे दिलेल्या बहिणीचे पत्र कसे यायचे. त्या वर्षी पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला आहे.